कौल मागताना

त्या वर्षी माझी देवावर श्रद्धा होती की नुसती सवय, हे मला अजून सांगता येत नाही. नव्वदच्या दशकातली गोष्ट. पेणला आमच्या आळीत गणपतीचे कारखाने, आणि मी मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करायची. शाडूचा ओला वास, रेडिओवरची गाणी, मालकांची कुरकुर. त्या दिवसांच्या आठवणीने आजही जीव हळवा होतो. त्यातच माझा उजवा हात बधिर होऊ लागला. मुंबईचे डॉक्टर म्हणाले, मानेतल्या मज्जारज्जूत काहीतरी वाढलंय. तुकडा काढून तपासला तर नेमकं औषध देता येईल, पण तो काढताना हात कायमचा जाऊ शकतो. नुसतं थांबून राहिलं तर पुढे पायही जातील.

माझा निर्णय होईना. रोह्याच्या थोरल्या बहिणीने मला ओढतच तिच्या ग्रामदेवाकडे कौल लावायला नेलं. "डॉक्टरला इचारून झालं, आता याला इचार," ती म्हणाली. गुरवाने देवाच्या दोन्ही अंगांना ओली फुलं चिकटवली. उजवं पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. मी मनात विचारलं, तपासणी केली तर हात राहील ना? बराच वेळ झाला, एकही फूल हलेना. मला रडूच कोसळलं.

मागे कौलासाठी थांबलेली मिठागरावरची एक म्हातारी पुढे आली. ओळख ना पाळख, माझा बधिर हात हातात घेऊन बसली. मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "गो बाय, ज्या हातानं त्याचे डोले काढतेस, तो त्याचाच नाय का? हात त्याच्यावर सोड. करू का नको, येवढंच इचार."

मी तेवढंच विचारलं. उजवं फूल अलगद खाली आलं. तिचं स्वतःचं गाऱ्हाणं काय होतं, हे विचारायचं मात्र राहूनच गेलं.

तपासणीत क्षयाची गाठ निघाली, औषधाने विरघळणारी. पाय वाचले. हात पूर्वीसारखा झाला नाही. बारीक कुंचला त्यात ठरत नाही. त्यावरून मी देवाशी पुष्कळ भांडले.

पुढच्या चतुर्थीला मी स्वतःच्या पायांनी चालत जाऊन घरची मूर्ती आणली. डोळे दुसऱ्या कुणी आखलेले. इतकी वर्षं मी मूर्तींच्या डोळ्यांत चुकाच शोधत आले होते. त्या दिवशी पहिल्यांदा नुसतं त्याच्याकडे बघितलं आणि हात जोडले. उजवा जरा वाकडाच जोडला गेला. त्याला तो चालला.