नियमात नसलेली टाकी

पावस गावाच्या अलीकडे, कातळ उतरून खाली आलं की वहाळाच्या म्हणजे ओढ्याच्या काठी अयूब होडेकरचा आमरसाचा कारखाना होता. कारखाना म्हणजे पत्र्याची लांबट शेड, एक बॉयलर आणि हंगामात साली काढायला बसणाऱ्या वाडीतल्या बायका. कुवेतमध्ये सांडपाण्याच्या प्रकल्पावर फिटर म्हणून उमेदीची वर्षं घालवून अयूब परतला आणि त्याने हा व्याप मांडला. पेटीत न बसणारा डागी, बारका आंबा आसपासचे बागायतदार त्याच्याकडे आणून टाकत. डब्यांवर त्याने लेकीचं नाव घातलं होतं, आफरीन.

साली, बाठे आणि धुवणाचं पाणी वहाळात जायचं. कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं. मग एका मे महिन्यात शिवा दारात आला. वहाळ खाडीला मिळतो तिथे पागाचं जाळं फेकून बोय मासळी धरायची, यावर त्याचं घर चालायचं. त्याने टोपली अयूबच्या पुढ्यात पालथी केली. सगळी मेलेली मासळी.

"अयूबभाय, भांडायला नाय आलो. पण आता आम्ही खायचं काय, ता तूच सांग."

अयूबला तोंड वर करवेना. थोड्याच दिवसांत प्रदूषणवाल्यांची नोटीसही आली, पाणी सुधारा, नाहीतर टाळं. लोकांना वाटलं, अयूब नोटिशीला घाबरला. त्याची बायको तस्नीम मात्र सांगते, तो त्या मासळीपाशीच खचला होता. त्या दिवशी जेवला नाही.

कुवेतमध्ये मैल्यापासून गॅस होताना त्याने पाहिलं होतं. मग सालींपासून का होऊ नये? शेडमागे त्याने टाकी बांधली, वर लोखंडी घुमट बसवला. पहिल्या हंगामात नुसता आंबूस फेस आला. साल आंबट, त्यात गॅस करणारे जंतू जगेनात. त्याने शेण घातलं, चुलीची राख घातली, चुना घालून पाहिला. एकदा पाइप तुंबून फुटला आणि अख्खी शेड घाणीने न्हाली. बायका नाकाला पदर लावून पळाल्या. पुढच्या हंगामात मात्र बर्नरवर निळी ज्योत धरली. साली काढणाऱ्या बायकांची म्होरकी गुणवंती ओरडली, "भाय, पेटला हो, पेटला!"

बॉयलरची निम्मी लाकडं वाचू लागली. टाकीतलं पाणी वाळूतून गाळून तो नारळांना सोडायचा. पावसाळ्यात साली नसत, तेव्हा टाकी उपाशी राहू नये म्हणून बाजारातला सडका भाजीपाला आणून घालायचा. "माझ्यापेक्षा त्या टाकीच्या जेवणाची काळजी जास्त," तस्नीम म्हणायची. हळूहळू शिवाच्या पागात पुन्हा बोय येऊ लागली. अयूबच्या आयुष्यातला हाच काय तो सुखाचा काळ.

मग निकष बदलले. प्रत्येक कारखान्याला ठरवून दिलेल्या नमुन्याची शुद्धीकरण यंत्रणा हवी आणि पाण्याची नोंद थेट कचेरीत पोचवणारा मीटर हवा. पाहणीला आलेली अधिकारी तरुण होती, भली होती. टाकीभोवती फिरली, पाणी बाटलीत धरून उजेडात पाहिलं.

"काका, पाणी चांगलं आहे. पण नियमात या टाकीला जागाच नाही."

"पाणी चांगलं व्हावं म्हणूनच ना नियम?"

तिने बाटलीचं झाकण घट्ट लावलं. "मी अहवालात तसं लिहीन. पण मंजुरी माझ्या हातात नाही."

तिने लिहिलं असावं. पुढे तिची बदली झाली. ती यंत्रणा बारमाही चालणाऱ्या मोठ्या कारखान्याच्या मापाची, दीड-दोन महिन्यांच्या हंगामावर ती पोसणार कशी? लहान कारखानदारांनी मिळून एकच यंत्रणा उभारावी, म्हणून अयूब दारोदार फिरला. लोक आले, चहा पिऊन गेले. कचेऱ्यांत उत्तर एकच, विचार चालू आहे. पुढच्या हंगामाच्या तोंडावर कचेरीच्या हुकमाने त्याची वीज तोडली आणि कारखाना बंद पडला.

आंबा आता संगमेश्वरकडच्या एका मोठ्या कारखान्यात जातो. तिथे सगळं नियमाप्रमाणे आहे. साली यंत्र काढतं, त्यामुळे बायकांना काम नाही. गुणवंती नाटे गावी बहिणीकडे गेली, कोळंबी सोलायला. डागी आंबा एवढ्या लांब नेणं सगळ्यांनाच परवडत नाही. बराचसा झाडाखाली कुजतो, उरलेला लोक वहाळात लोटतात. बागांना कुठला मीटर? शिवाने पाग मोडला आणि उतारवयात दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी झाला. जाताना अयूबला भेटून गेला. टाकीचा घुमट भंगारवाल्याने कापून नेला. तस्नीम म्हणाली, "आत चला, बघू नका." अयूब शेवटपर्यंत बघत उभा राहिला.

हल्ली तो टेंपो चालवतो. ज्यांना परवडतं त्यांचा आंबा त्याच मोठ्या कारखान्यात पोचवतो. परवा फाटकाबाहेर रांगेत उभा असताना पुण्याहून आफरीनचा फोन आला. आवाजात किती दिवसांनी उत्साह होता.

"अब्बा, नवी योजना आलीय! कचऱ्यापासून ऊर्जा करणाऱ्या लहान उद्योगांना मदत. तुमच्यासाठीच काढल्यासारखी आहे. अर्ज भरू?"

"अटी वाच."

ती वाचू लागली आणि मध्येच थांबली.

"काय झालं?"

"उद्योग चालू स्थितीत असावा, म्हणतात."

मागच्या ट्रकने हॉर्न दिला. अयूबने फोन बाजूच्या सीटवर ठेवला आणि टेंपो थोडा पुढे घेतला.