गिटारची पाळी आली की

अक्षराची आधी माफी मागते. शाळा चौथीपर्यंतच झाली. त्यानंतर लिहिलं ते किराण्याची यादी आणि बचत गटातली सही. ऱ्हस्व-दीर्घ मला आजही कळत नाही आणि ओळ उजवीकडे जाता जाता खाली घसरते. ही वही कुणाला दाखवायची नाही, पण कुणाच्या हाती पडलीच तर हसू नये. चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. घरी येऊन मात्र भांडी आपटत राहते, म्हणून म्हटलं लिहून तरी बघू.

मी जळगावात मेहरूणला एका निवृत्त प्राध्यापकांकडे सकाळचा स्वयंपाक करते. सर एकटे असतात. मी कणीक काढेपर्यंत त्यांनी रेकॉर्ड लावलेली असते. जॅझ म्हणतात त्या वाजवण्याला. त्यातही सरांना जुन्या काळचे तिघांचे संच आवडतात. एक पियानोवाला, एक गिटारवाला आणि एक जण माणसाएवढा बास उभा धरून वाजवणारा. ढोल नाही, ताशा नाही. सरांच्या लेखी मात्र त्या खोलीत एकच माणूस असतो, पियानोवाला. "वा! काय हात आहे!" असं ते सोफ्यावरून ओरडतात आणि मी आत ओट्याशी चिडते.

पहिलं वर्षभर मला तो नुसता गोंगाट वाटला. मग एकदा कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी थापताना लक्षात आलं, माझे हात कुणाच्या तरी मागे चाललेत. पियानोच्या मागे नव्हते. पियानो तर पोत्यातून ज्वारी सांडावी तसा सगळीकडे पळत होता. त्याच्या खाली एक बारीक आवाज होता, छक छक छक छक, एकसारखा, न थकणारा. तो गिटारवाला होता. ढोल नाही तर ढोलाचं कामही तोच करत होता आणि सुरांचंही. एका माणसाकडून दोन माणसांचं काम करून घ्यायचं आणि नाव तिसऱ्याचं घ्यायचं, हे काही मला नवीन नव्हतं.

माझा नवरा गिटार वाजवतो, हे इथे सांगायला हवं. माझे जेठ, म्हणजे त्याचे मोठे भाऊ, शिंदखेड्याला राहतात आणि हळदीच्या, लग्नाच्या कार्यक्रमांत कीबोर्ड वाजवतात. दोघा भावांची जोडी. जेठांना नवा कीबोर्ड घ्यायचा होता तेव्हा स्वयंपाकाच्या कामातून साठवलेले माझे चाळीस हजार त्यांनी नेले. बोली अशी होती, की लग्नसराई संपली की पैसे परत आणि कमाईत दोघांना अर्धा अर्धा वाटा. लग्नसराई संपली. पैसे आले नाहीत, आणि वाटा अर्ध्याचा पाव झाला. का, तर म्हणे, "गिटार कोणाले ऐकू येस?" नवरा म्हणाला, जाऊ दे, भाऊ शे. त्याला सगळंच जाऊ द्यायचं असतं.

मी विचारावं तर आमच्याकडे जेठांसमोर सून बोलत नाही. पदर पुढे ओढायचा आणि दाराआड उभं राहायचं. लग्नाला सोळा वर्षं झाली, मी त्यांच्याशी सरळ एक वाक्य बोललेली नाही.

म्हणून मी सरांच्या घरी गिटारवाल्यांची बाजू घ्यायला लागले. बाजू कसली, मनातल्या मनात. त्यांची नावं मला येत नाहीत, मी रेकॉर्डच्या पुठ्ठ्यावरून ओळखते. लाल पुठ्ठ्यावरचा गिटारवाला कंजूष आहे. पियानोवाला गातो, हसतो, नखरे करतो, आणि हा मध्येच एखादं वाक्य बोलून गप्प होतो. पण ते वाक्य नेमकं तिथेच हवं असतं. निळ्या पुठ्ठ्यावरचा पियानोवाला गारा पडाव्यात तसा वाजवतो आणि गिटारवाला त्याच्या खांद्याला खांदा लावून पळतो, एका जुवाच्या दोन बैलांसारखा, एकही पाऊल न चुकवता. तिसरा मला सगळ्यांत आवडतो. तो कधी कधी तारा हाताने दाबून धरतो आणि नुसता ठकठक वाजवतो. सूर नाही, नुसता ठेका, कुणी लाकडी खोक्यावर बोटं आपटावीत तसा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी तवा तसाच ठेवून दारात आले.

"सर," मी धीर करून विचारलं, "आता हे कोण वाजवतंय?"

"पियानो. ताई, हा माणूस म्हणजे..."

"पियानो थांबलाय सर."

सरांनी कान दिला. "अरे हो. गिटार आहे." आणि लगेच, "तेवढा चहा टाकता का?"

हे रोजचं. गिटारची पाळी आली की सरांना चहा आठवतो, नाहीतर फोन करायचा आठवतो, नाहीतर ते मला त्या पियानोवाल्याची गोष्ट सांगायला लागतात. शिकलेला माणूस, हजार पुस्तकं घरात, आणि ऐकायची वेळ आली की बोलतो. मी एकदा पुठ्ठा उलटून पाहिला. पुढे पियानोवाल्याचा मोठा फोटो होता. गिटारवाल्याचं नाव मागे, मुंगीएवढ्या अक्षरात. त्याचा फोटो होता, पण कडेला अर्धा कापलेला, एक खांदा आणि गिटारची मान.

सरांना विचारून मी ते ठकठक मोबाइलवर भरून घेतलं आणि नवऱ्याला ऐकवलं. त्याने तीनदा ऐकलं. वा नाही, छान नाही. नुसतं गिटार काढलं आणि तळहाताने तारा दाबून तसंच वाजवायला बसला. आठ दिवस दुसरं काही केलं नाही. मला वाटलं, आता तरी भावाला म्हणेल, बघ माझं काम. म्हणाला का? नाही.

मग यावलजवळच्या गावात माझ्या मावसबहिणीच्या मुलीची हळद आली. कार्यक्रम माझ्या ओळखीनेच जेठांना मिळाला होता. मी लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळीच गेले; दुपारी बघते तर जेठ गाडीतून एकटेच उतरले. नवऱ्याला जळगावलाच ठेवलं होतं. माझ्या मावशीने विचारलं तर म्हणाले, "आते गरज नही. मशीनमा बठ्ठं शे. ठेकाबी शे, गिटारबी शे." माझ्याच पैशांच्या मशीनमध्ये, त्या नव्या कीबोर्डमध्ये, माझ्या नवऱ्याची जागा भरली होती.

संध्याकाळी हळद सुरू झाली. आमच्याकडे हळदीला बायका गाणी म्हणतात, आणि ती गाणी घड्याळावर चालत नाहीत. मुलीची आत्या हळद लावायला उठली, तिचा गुडघा दुखतो, तर ती पाटापर्यंत पोचेपर्यंत ओळ लांबवायची. मामी झटकन आली तर गाणंही झटकन. माझा नवरा हे बघून वाजवतो. त्याची नजर तारांवर नसते, बायकांच्या तोंडावर असते. मशीनला तोंड कुठे दिसतं? आत्या अजून अर्ध्या वाटेत आणि ठेका पुढे निघून गेला. बायका मागे, मशीन पुढे. जेठ बटणं दाबत सुटले. कधी फारच हळू, कधी एकदम पळापळ. दोन गाणी मोडली. तिसऱ्याला मावशीने टाळी वाजवून थांबवलं.

"बंद कर रे भो ते! आम्हना गळा शेतस, पिठानी गिरणी नही!"

मांडवात हशा पिकला. मुलीचे वडील मात्र हसले नाहीत. उद्या लग्नातही असंच वाजवणार असाल तर राहू द्या, म्हणाले.

जेठांचा चेहरा पडला. ते मावशीजवळ आले आणि माझ्याकडे न बघता, पण मलाच ऐकू जाईल असं म्हणाले, "त्यासले म्हना, फोन लावा. सकाळनी गाडीवर भाऊले बलाई ल्या."

मी पदर पुढे ओढला. आणि मावशीला म्हणाले, "मावशी, त्यांना सांग, फोन लावते. पण आधी माझे चाळीस हजार कधी देणार ते सांगा म्हणावं. आणि वाटा अर्धा."

जेठांना ऐकू गेलंच होतं, दोन हात अंतरावरच उभे होते. पण मावशीने ते त्यांना पुन्हा मोठ्याने सांगितलं आणि पदरचंही घातलं, "ती म्हनस, भाऊसले बाईना घामना पैसा पचत नही."

"मी असं नाही म्हटलं," मी मावशीला चिमटा काढला.

"मी म्हनी राहिनू," मावशी म्हणाली.

सगळ्या बायका बघत होत्या. जेठांनी कार्यक्रमाचा आगाऊ मिळालेला पैसा खिशातून काढला आणि मावशीच्या हातावर ठेवला. दहा हजार होते. बाकीचे प्रत्येक कार्यक्रमाला थोडे थोडे आणि वाटा अर्धा, असं मावशीसमोर कबूल केलं. मग मी फोन लावला.

माझा नवरा सकाळच्या बसने आला. दुपारी बायका गायल्या आणि तो त्यांच्याबरोबर गेला, थांबला, पुन्हा निघाला. एका गाण्यात आत्या मध्येच हुंदका आला म्हणून गप्प झाली, तर त्याने तारा दाबून नुसतं ठकठक चालू ठेवलं, ती सावरेपर्यंत. मला एकटीला ते कळलं असेल. पाहुण्यांनी नोटा ओवाळल्या त्या कीबोर्डवर. कुणीतरी म्हणालं, "आज मशीन चांगलं चालनं!" मी कपाळावर हात मारला.

सरांच्या घरी आता गिटारची पाळी आली की मी गॅस बंद करते आणि चहा मागितला तरी "थांबा सर" म्हणते. थांबतात. नाइलाजाने का होईना, ऐकतात. परवा म्हणाले, "हा माणूस बरा वाजवतो की." बरा!

जेठ त्यानंतर नवऱ्याशिवाय कुठे गेले नाहीत. पैसे कधी दोन हजार, कधी पाच, असे येत राहिले. दर वेळी तोंड वाकडं करून, पण आले. काल ते स्वतः जळगावला आले, चहा घेतला आणि शेवटचे तीन हजार नवऱ्याच्या हातात दिले. मी दाराआडून नवऱ्याला म्हटलं, "अहो, इकडे द्या, ते माझे आहेत." नवऱ्याने आणून दिले. मी जेठांसमोरच मोजले. चाळीस हजार पुरे झाले.