तीनदा पुकारलेलं नाव

ती संध्याकाळ अजून माझ्या डोक्यातून गेलेली नाही. गुन्हा फार मोठा होता म्हणून नव्हे. नोकरीत त्याहून वाईट बरंच पाहिलं. पण आपण निर्दोष असल्याचा पुरावा खिशात असून तो बाहेर काढायला तयार नसलेला आरोपी मी एकच पाहिला.

तेव्हा मी नांदुऱ्यात ठाणेदार होतो. एका पुढाऱ्याच्या वाढदिवसानिमित्त मैदानावर गाण्याचा कार्यक्रम होता. गझल आणि कव्वाली गाणारा बाहेरगावचा नामांकित गायक येणार होता. बॅनरवर पुढाऱ्याचा फोटो दारापेक्षा मोठा आणि गायकाचा आधार कार्डावर असतो तेवढा, यावरून कार्यक्रम कोणाचा हे कोणालाही कळावं. बंदोबस्तासाठी मी स्वतः हजर होतो.

गायकाचा आवाज नुकताच लागला होता. मंडप शांत झाला होता. तेवढ्यात पुढारी आले. निवेदकानं गायकाला अर्ध्या ओळीत थांबवलं आणि सत्कार सुरू झाले. आधी पुढाऱ्याचा, मग पुढाऱ्याच्या हस्ते मंडळाच्या कार्यकर्त्यांचा. गायक मांडीवर हात ठेवून बसून राहिला, कोणी शाल पांघरावी अशी वाट न पाहता.

डाव्या बाजूनं एक माणूस उठून ओरडला, "अहो, सत्कार मागून करा ना! गाणं काऊन तोडता?"

काही लोक हसले, काहींनी टाळ्या वाजवल्या. मंडळाच्या अध्यक्षानं धावत जाऊन त्याची कॉलर धरली. "गप बस बे, तुह्या बापाचा कार्यक्रम हाय का?" माझ्या शिपायानं दोघांना सोडवलं. माणूस खाली बसला, अध्यक्ष मंडपामागे निघून गेला, सत्कार चालू राहिले.

गाणं पुन्हा सुरू झालं आणि थोड्याच वेळात मागून आरडाओरडा ऐकू आला. जनरेटरजवळ अध्यक्ष पडला होता. डोकं फुटलेलं, शेजारी मंडपाचा लोखंडी पाइप. त्याला अकोल्याला हलवलं. तो बेशुद्ध होता आणि वाचेल की नाही हे डॉक्टर सांगत नव्हते.

फिर्याद दिली मंडळाच्या उपाध्यक्षानं. सत्कार संपेपर्यंत आपण मंडपातच बसलो होतो. गाणं सुरू झाल्यावर तो ओरडणारा माणूस उठून मंडपामागे अध्यक्षाकडे जाताना दिसला. संशय आला म्हणून आपण मागोमाग गेलो, तर त्यानं पाइप घातला आणि पळाला. फिर्याद स्वच्छ होती. भांडण शेकडो लोकांनी पाहिलं होतं. मी त्या माणसाला ताब्यात घेतलं.

तो चाळिशीचा, बाजारात लोखंडी कपाटं आणि कुलर तयार करणारा. धर्मानं मुसलमान. हे लिहायची गरज पडू नये, पण सकाळपर्यंत गावाला त्याच्याबद्दल एवढंच ठाऊक होतं. मोबाइलवर मजकूर फिरत होता, मेन रोडवरची शटरं अर्धी खाली आली होती आणि ठाण्यासमोर जमाव बसला होता. 'आरोपीला आमच्या ताब्यात द्या' ही घोषणा लोक देतात तेव्हा ती कायद्यात बसत नाही हे त्यांनाही माहीत असतं. त्यांना फक्त ठाणेदाराचा चेहरा पाहायचा असतो. संध्याकाळच्या आत त्याला कोर्टात उभं करायचं होतं. जखमी दगावला असता तर कलम खुनाचं झालं असतं, आणि गावाचं काय झालं असतं ते मला लिहवत नाही.

सकाळी मी त्याला समोर बसवलं. रायटर, म्हणजे ठाण्याचं लिखाणकाम सांभाळणारे जुने हवालदार, लिहून घेत होते.

"कुठं बसला होतास?"

"डाव्या अंगाले साहेब, तबल्यासमोर."

"उठलास कधी?"

"वरडाले उठलो तेवढाच. मंग कायले उठू? गाणं सुरू होनार होतं."

"शेजारी कोण होतं?"

तोपर्यंत तो पटापट उत्तरं देत होता. आता फरशीकडे पाहू लागला. "ध्यानात नाही."

"गाणं ध्यानात आहे?"

"ते पुरं हाय."

आणि खरंच होतं. गायकानं कोणत्या जागी श्वास चुकवला, तबल्याचा सूर हवेनं कसा उतरला आणि तबलजीनं चालू गाण्यात हातोडीनं तो कसा चढवला, सगळं त्यानं सांगितलं. मी बोलू दिलं. बोलणारा माणूस गप्प बसणाऱ्यापेक्षा लवकर कळतो. जालन्याला एका मैफलीत जागा नव्हती म्हणून तो चपलांच्या ढिगाशेजारी उभा राहिला होता आणि तिथून आवाज सगळ्यात चांगला येत होता. अकोल्याला तिकिटं संपली, तर सभागृहाच्या भिंतीला कान लावून ऐकलं. बऱ्हाणपूरला उरुसातल्या कव्वालीपायी परतीची गाडी चुकली आणि बायकोनं तीन दिवस चहा दिला नाही.

रायटरनं पेन थांबवून विचारलं, "मोबाइलवर नाही आयकू येत का रे?"

"आयकू येते ना हवालदारसाहेब. फोटोतलं जेवन बी दिसतेच."

खोटं बोलणारा माणूस शेजाऱ्याचं नाव आधी सांगतो. हा शेजारी सोडून सगळं सांगत होता. तो उठून कोठडीत गेल्यावर रायटर म्हणाले, "साहेब, हा कायतरी दडवून राह्यला."

"दडवतोय. पण गुन्हा दडवत असेल असं वाटत नाही."

थोड्या वेळानं ठाण्याचा फोन वाजला. ठाणे अंमलदारानं उचलला. बाईचा आवाज होता, घाईचा आणि दबलेला. "तुम्ही चुकीचा माणूस धरला. तो पुरा वेळ माझ्या शेजारी होता." फोन बंद. परत लावला तर लागेना. सायबर सेलनं नंबरावरून नाव आणि पत्ता काढला: वरवट बकालच्या बाजूच्या एका गावातली शिक्षिका.

आता मला कळलं की कपाटवाला फरशीकडे का पाहत होता. एक हिंदू बाई, एक मुसलमान माणूस, आणि दोघं मांडीला मांडी लावून कव्वाली ऐकतायत. बाहेरच्या जमावाला एवढं कळलं असतं तर अध्यक्षाचं डोकं सगळे विसरले असते. मी तिला समन्स काढून ठाण्यात बोलावलं असतं तर तिला त्याच जमावातून आत यावं लागलं असतं. मी एका महिला शिपायाला बरोबर घेतलं आणि शाळेला निरोप धाडला की मुलींच्या सुरक्षिततेविषयी ठाणेदार स्वतः मार्गदर्शन करणार आहेत.

शाळेत पोचलो तर मुख्याध्यापकांनी माझा सत्कार ठेवला होता. शाल, नारळ, स्वागतगीत आणि प्रास्ताविक. प्रास्ताविकात त्यांनी पोलीस खात्याचा इतिहास घेतला. खिशात फोन थरथरत होता. रायटरचा मेसेज होता, जमाव वाढतोय. मी शाल खांद्यावर घेऊन हसत बसलो होतो आणि आदल्या दिवशी त्या गायकाला काय वाटलं असेल ते मला नेमकं कळत होतं.

मार्गदर्शन आटोपल्यावर महिला शिपायानं त्या बाईंना ग्रंथालयाच्या खोलीत आणलं. पस्तिशीच्या, नीटनेटक्या. मला पाहताच त्यांना सगळं समजलं.

"तुम्हीच फोन केलात?"

"हो." मग एकदम बोलल्या, "साहेब, त्या माणसाचं नाव मले आज मोबाइलवर कळलं. गेली किती वर्षं जिथं गाणं असते तिथं तो डाव्या अंगाले बसलेला दिसते. एकदा मी त्याले म्हटलं होतं, जरा सरका, तबला दिसत नाही. तेव्हापासून मी दिसली की तो जागा करून देते. आमचं बोलनं एवढंच."

"पण बायकांची बाजू उजवीकडे होती."

"तिथून पेटीवाल्याची पाठ दिसते नुसती. माझे वडील तबला वाजवत. हात दिसला नाही तर मले गाणं अर्धंच वाटते."

घरी त्यांनी प्रशिक्षण असल्याचं सांगितलं होतं आणि मुक्काम नांदुऱ्याला बहिणीकडे केला होता. शिक्षकांच्या मागे इतकी प्रशिक्षणं असतात की त्यात एखादं गाण्याचं खपून जातं. सासरे भिक्षुकी करणारे, नवरा बँकेत. गाण्याच्या मंडपात बसणारी सून त्या घरात चालत नव्हती. शेजारी कोण बसलं होतं हा तर पुढचाच प्रश्न.

मी विचारलं, "सत्कार चालू असताना काय पाहिलंत?"

"पाहणार काय? नावं संपायची वाट पाहून राह्यलो होतो आम्ही. एक झालं की वाटे, आता संपलं. अन् एक नाव तर तीनदा पुकारलं. तो माणूस आलाच नाही. तो शेजारचा आपल्याशीच म्हने, आता याले घरून बोलावून आणतात का काय? मले हसू आलं."

"कोणतं नाव?"

त्यांनी सांगितलं. मी पुन्हा विचारलं, त्यांनी पुन्हा तेच सांगितलं. ते उपाध्यक्षाचं नाव होतं. म्हणजे फिर्याद देणाऱ्याचंच.

सत्कार संपेपर्यंत आपण मंडपातच बसलो होतो असं त्यानं सही करून लिहून दिलं होतं. मी माणसांना लग्नाच्या पंगतीतून उठून जाताना पाहिलं आहे, सख्ख्या भावाच्या तेराव्यातून उठून जाताना पाहिलं आहे. स्वतःचं नाव माइकवर पुकारलं जात असताना जागेवर बसून राहणारा कार्यकर्ता मी पाहिलेला नाही.

मी उठलो तेव्हा बाई म्हणाल्या, "साहेब, मले कोर्टात या लागन का?"

वचन देणं माझ्या हातात नव्हतं. "कदाचित."

त्यांनी पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळलं. "लागलं तर येईन. फक्त आदल्या दिवशी सांगा. म्हणजे घरच्यांले माझ्याच तोंडून कळन."

परतताना मंडळाच्या कॅमेरामनला गाठलं. सगळ्या गावानं मोबाइलवर गायकाला टिपलं होतं, पण सत्काराचं संपूर्ण चित्रण फक्त याच्याकडे होतं, कारण त्याला नेमलंच त्यासाठी होतं. पेन ड्राइव्ह घेऊन ठाण्यात आलो. जमाव आता रस्त्यावर उतरला होता. मी उपाध्यक्षाला एकट्याला आत बोलावलं. पांढरा शर्ट, कपाळावर टिळा, बाहेरच्या गर्दीचा रुबाब अजून अंगावर होता. मी चहा मागवला.

"तुम्ही इतकं राबता मंडळासाठी. काल सत्काराला मात्र दिसला नाहीत."

कप त्याच्या हातात थांबला. जखम तिथंच होती.

"खालच्या पोरांची नावं झाली, माझं नावच नाही घेतलं ना साहेब! मंडप मी उभा केला, वर्गणीले मी फिरलो. अन् नावं देणारा कोण? अध्यक्ष! त्यानं कापलं मले. मुद्दाम कापलं."

"असं त्यानं सांगितलं?"

"सांगा काहाले लागते? मी त्याले विचारलं तर हसला."

"कधी विचारलंत? तुम्ही तर मंडपात होता."

त्यानं कप खाली ठेवला. मी लॅपटॉप त्याच्याकडे वळवला. निवेदकाचा आवाज आला. त्याचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. टाळ्या. पुन्हा नाव. पुढारी हातात शाल धरून उभे. तिसऱ्यांदा नाव, 'कृपया लवकर व्यासपीठावर यावं.' मग शाल घडी होऊन दुसऱ्या कोणासाठी गेली.

मंडपातल्या प्रत्येकाला ते ऐकू गेलं होतं. जनरेटरजवळ उभ्या असलेल्याला गेलं नव्हतं.

तो खुर्ची ओढून पडद्याजवळ सरकला. मग म्हणाला, "साहेब, अजून एकदा लावा."

मी लावलं. त्यानं डोळे मिटून ऐकलं. तिसऱ्या नावाला त्याच्या तोंडून हुंदका फुटला आणि पुढचं मला विचारावं लागलं नाही. पोलिसांसमोरचा कबुलीजबाब कोर्टात चालत नाही. पण त्यानं धुवायला टाकलेला शर्ट मिळाला, पाइपावर ठसे त्याचेच निघाले आणि पुढे शुद्धीवर आल्यावर अध्यक्षानंही त्याचंच नाव सांगितलं. तो वाचला.

बाहेर येऊन मी जमावाला फक्त कोणाला अटक केली ते सांगितलं. इतक्या लवकर रिकामा झालेला रस्ता मी परत पाहिला नाही. घोषणा बदलून द्यायलाही कोणी थांबलं नाही.

पुराव्याअभावी सुटकेचे कागद करून कपाटवाल्याला सोडलं. त्यानं विचारलं, "साहेब, तुम्ही कोनाले भेटले?"

"कॅमेरामनला."

त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. "मले कोनाचं नाव ठाऊक नव्हतं साहेब. ठाऊक असतं तरी घेतलं नसतं. तिचं घर गेलं असतं, अन् माहं गाव."

या प्रकरणानंतर मी माझी विचारायची पद्धत बदलली. साक्षीदाराला 'काय पाहिलंस' असं विचारलं की तो आठवायला लागतो, आणि आठवता आठवता रचायला लागतो. मी विचारू लागलो, 'तू कशाची वाट पाहत होतास?' त्या मंडपात लोक खात होते, गप्पा मारत होते, फोन पाहत होते. गाण्याची वाट पाहणाऱ्यांना मात्र मधला प्रत्येक अडथळा पाठ होता.

खटला उभा राहिला तेव्हा बचाव पक्षाच्या वकिलानं मला उलटतपासणीत घेतलं. "फिर्यादीवरच संशय घ्यावा हे तुम्हाला सुचलं कसं?"

"गुप्त माहिती मिळाली होती."

"माहिती देणारा पुरुष होता की स्त्री? कार्यक्रमात हजर होता?"

"सांगता येणार नाही."

वकिलानं आवाज चढवला. न्यायाधीशांनी चष्म्यावरून आधी त्याच्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं आणि सांगितलं की खबऱ्याचं नाव सांगायची सक्ती पोलिसावर करता येत नाही, पुढचा प्रश्न घ्या. नोकरीत मी बरेच खबरी सांभाळले. कोणी वैरापोटी बोलायचा, कोणी स्वतःची केस हलकी व्हावी म्हणून. स्वतःचं घर पणाला लावून अनोळखी माणसासाठी बोललेली ही एकच.

त्या संध्याकाळी मी बाईंना फोन केला. "तुम्हाला यायची गरज नाही. घरी काही सांगावं लागणार नाही."

  त्या म्हणाल्या, "मंग आता मी सांगीन साहेब. कोर्टानं सांगाले लावलं असतं तर तो गुन्हा झाला असता. आता ते नुसतं गाणं हाय."

घरी त्या दिवशी काय झालं ते मी विचारलं नाही. हे लिहू का, असं मात्र यंदा विचारलं. त्या म्हणाल्या, लिहा, फक्त नाव नको. माझं अजून कार्यक्रमांले जाणं असते.