एकत्र बसवू नये

आमच्या आणि शेजारच्या घरात एकच भिंत आहे, आणि तीही अशी की पलीकडे कोणी उसासा टाकला तर इकडे माझ्या शिलाई मशीनचा दोरा हलावा. त्यामुळे शेजारचे सर फोनवर नवं ॲप शिकायला लागले, ते मला त्यांच्या बायकोच्या आधी कळलं. संध्याकाळी पलीकडून "टिंग" यायचं. दोन फेऱ्या, परत "टिंग". मधेच एक "टुंक". टिंग म्हणजे कुठल्या तरी पोराला स्टार मिळाला, टुंक म्हणजे काहीतरी काढून घेतलं. आठवड्याभरात मी तरबेज झाले. चौथीचा वर्ग त्या दिवशी गुणाचा होता की वात्रट, हे मी कपड्यांना काज करता करता सांगू शकायचे.

फेऱ्या म्हटलं मी, कारण सर बसत नाहीत. चाळिशीला टेकले, पण बसलेलं मी त्यांना दोनदाच पाहिलंय, एकदा लग्नाच्या फोटोत आणि एकदा दाढ दुखत होती तेव्हा. जेवतात उभ्याने, वह्या तपासतात खिडकीच्या कठड्यावर, फोनवर बोलतात जिन्यातून वर-खाली करत. पोरं त्यांना पाठीमागे भिंगरी म्हणतात. वहिनी, म्हणजे त्यांची बायको, रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला आहे. ती म्हणते, "हे घरी आले की मी आधी चपला लपवते. नाहीतर आले तसे परत बाहेर."

आता पायाला भिंगरी असायला कारणही होतं. सहा वर्षं माणूस त्याच शाळेत शिकवतोय, आणि दर वर्षी एका वर्षाच्या नेमणुकीचं पत्र हातात पडतं. यंदा कायमची एक जागा निघाली. तिच्यावर डोळा दोघांचा, आमच्या सरांचा आणि शेजारच्या तुकडीच्या बाईंचा. त्या बाई पंचविशीच्या, फोन हातात घेऊनच जन्मल्यासारख्या. शाळेच्या मोठ्या बाईंनी स्वच्छ सांगितलं होतं, "शुक्रवारी समितीच्या दोघांना घेऊन मी दोन्ही वर्गांत येणार. ॲपवर गट पाडा, काम करून घ्या, स्टार द्या. कोण कसं करतं ते बघून ठरवू."

मला ते ॲप सरांनीच दाखवलं, माझ्या दारात उभं राहून, या पायावरून त्या पायावर होत. स्टारचे रकाने होते: मदत करणे, वेळेत काम, जागेवर बसणे.

"जागेवर बसणे," वहिनी मागून म्हणाली, "यात तुम्हाला किती मिळाले असते हो?"

"मी शिक्षक आहे," सर म्हणाले, आणि जिना उतरून दूध आणायला गेले. दूध घरात होतं.

गट पाडायची युक्ती मात्र छान होती. बटण दाबलं की अठ्ठावीस पोरांची चित्रं गरगर फिरायची आणि चौघाचौघांत येऊन बसायची, सात गट. एका कोपऱ्यात एक यादी होती, "एकत्र बसवू नये" अशा नावाची. दोन नावं त्यात टाकली की ती दोन पोरं कधीच एका गटात येणार नाहीत. सरांनी तेव्हा एकच जोडी टाकली होती. एकमेकांना खरोखर चावलेली दोघं. त्यांच्याबद्दल कोणाचंच दुमत नव्हतं.

इथून पुढचं पाप माझं आहे. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे सगळा जिना जाणतो. औषधवाल्याची बायको पोराच्या पँटची उंची वाढवायला आली होती. तोंडात टाचण्या धरून मी माप घेत होते, तरी बोलत होते. ती कुरकुरली की वर्गातली ती नाकतोडी आमच्या बाळाला कोपर मारते. मी म्हटलं, "मग सरांना सांग की. त्यांच्या फोनात सोय आहे. एकदा नाव टाकलं की परत जवळ येणार नाही."

झालं. आगीत तेल ओतायला बाटली लागत नाही, एक शिंपीण पुरते. दुसऱ्या दिवसापासून सरांना जिन्यात, फाटकात, फोनवर, दातांच्या डॉक्टरकडे, जिथे सापडतील तिथे गाठून आया-बाप सांगायला लागले. कोणाचं पोर कोणाचं बघून लिहितं. कोणाच्या डोक्यात उवा. बेकरीवाल्याचं आणि औषधवाल्याचं गाडी लावण्यावरून बोलणं बंद, म्हणून पोरांनीही बोलू नये. दोन जावांची दोन पोरं, घरात एका ताटात जेवणारी, वर्गात वेगळी हवीत. आणि सरांना नाही म्हणता येत नाही. "बरं, टाकतो," म्हणत चालता चालता टाकायचे. विसरू नये म्हणून लगेच.

नाकतोडी कोण, ते सांगते. लॉन्ड्रीत इस्त्री करणाऱ्या बाईची मुलगी. नऊ वर्षांची, सगळी कोपरं आणि गुडघे. बसवली की उठते, उठली की उडी मारते. जागेवर बसण्याच्या रकान्यात तिचे जेवढे टुंक, तेवढे उरलेल्या वर्गाचे मिळून नसतील. वाईट नाही हो पोर. फक्त एका जागी मावत नाही.

गुरुवारी संध्याकाळी सर माझ्या दारात आले. चेहरा असा, जसा कोणी दाढेवर परत हात ठेवलाय.

"ताई, हे बघा. फिरतच नाही."

बटण दाबलं. चित्रं गरगर फिरली, थांबली, आणि लाल अक्षरं आली: गट तयार होऊ शकत नाहीत. खाली नाकतोडीचं चित्र, आणि शेजारी, या विद्यार्थिनीसाठी जागा नाही.

"फोन बिघडला असेल," मी म्हटलं.

"फोन ठीक आहे. यादी बघा." त्यांनी बोटाने यादी वर सरकवली. ती सरकतच राहिली. "एकसष्ट जोड्या. मी मोजल्याच नव्हत्या कधी. आणि त्यातल्या पंचवीस हिच्या."

हिशोब सोपा होता. सत्तावीस पोरांपैकी पंचवीसांनी नको म्हटलं. उरली दोन. चौघांच्या गटाला तिच्याशिवाय तीन लागतात.

"प्रत्येकाने एकेकदा सांगितलं," सर म्हणाले. माझ्या खोलीत फेऱ्या मारायला जागा नाही, तरी मारत होते. कापड, मशीन, दार, कापड. "एकेकदाच. मी एकेकदाच लिहिलं. पंचवीस वेळा तेच नाव माझ्याच बोटाने लिहिलं आणि मला कळलं नाही."

"एवढं काय. उद्यापुरती तिची जोडी काढा यादीतून."

"कोणाची काढू? ज्याची काढली त्याचा बाप फोनवर बघणार. गट त्यांना तिथल्या तिथे दिसतात. मोठ्या बाई वर्गात असताना तो फाटकात उभा राहील." ते थांबले. मग हळूच म्हणाले, "एक वाट आहे. तिला गैरहजर लिहून बघितलं मघाशी."

"मग?"

"एका सेकंदात गट झाले."

मी हातातलं कापड बाजूला ठेवलं. मग मी म्हटलं, आणि हे मी खरंच म्हटलं, "एका दिवसाचा तर प्रश्न आहे, भाऊजी. तिच्या आईला फोन करा. म्हणावं, पोरीला उद्या विश्रांती द्या. सहा वर्षं घासताय तुम्ही."

सर यादी खाली-वर करत होते. करता करता त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं. त्यांनी वर बघितलं ते फोनकडे नाही, माझ्याकडे. मला कळलं कुठल्या ओळीवर ते. माझी भाची त्याच वर्गात आहे. पंचवीसांतली एक जोडी मी स्वतः सांगितली होती, चहा देता देता, सहज. ताकाला जाऊन भांडं लपवायची वेळ तेव्हा आली.

"तिने आमच्या पोरीची वेणी ओढली होती," मी म्हटलं.

"कधी?"

"दुसरीत."

तेवढ्यात दारावर टकटक. नाकतोडीची आई, हातात गणवेश, मागे नाकतोडी.

"ताई, खालची शिवण परत उसवली हो. उद्या पाहुणे येणारेत शाळेत, सकाळपर्यंत होईल का?" मग सर दिसले तशी ती ओशाळली. "सर, तुम्ही इथे. ही सारखं विचारते, म्हणून विचारते. उद्या हिला कुठल्या गटात घेतलंय?"

मी पोरीला माप घ्यायला स्टुलावर उभी केली. ती स्टुलावर उभी राहून स्टूल हलवत होती. सर दारात उभे राहून पाय हलवत होते. माझी टाचणी दोनदा चुकली.

"सर," पोरगी म्हणाली, "मागच्या वेळी मी शेवटी उरले होते. मग तुम्ही मला फळा पुसायला दिला. उद्यापण फळाच आहे का?"

"नाही," सर म्हणाले. सहा वर्षांत त्यांच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. मग ते गेले, चपला माझ्याच दारात विसरून.

थोड्या वेळाने भिंतीपलीकडून आवाज आला. "टुंक." मी शिवण धावदोऱ्याने धरत होते. "टुंक." ॲपला एकदम सगळं पुसायची सोय नाही, हे मला माहीत होतं. एकेक ओळ काढायची, दर वेळी ते विचारणार, नक्की का. मी मोजायला लागले. चार. नऊ. मधे फेऱ्या. वहिनीचा आवाज, "अहो, जेवायला तरी..." चौदा. वीस. पंचवीसला मी सुई टोचून ठेवली. म्हटलं, झालं, आता थांबतील. उद्याचं घोडं गंगेत न्हालं.

"टुंक."

सव्वीस. बेकरीवाल्याची जोडी असेल. सत्तावीस. दोन जावांची. मी शिवण सोडून भिंतीला कान लावून उभी राहिले, लाज सोडून. चाळीस. पन्नास. साठाव्याला थांबले. बराच वेळ काही नाही. एक जोडी त्यांनी ठेवली, एकमेकांना चावलेली. तेवढी अक्कल शिल्लक होती.

शुक्रवारचं मी पाहिलं नाही, पण मला तीन बाजूंनी कळलं, म्हणजे पाहिल्यासारखंच. बटण दाबलं, चित्रं फिरली, बसली. नाकतोडी आली ती औषधवाल्याचा बाळ, बेकरीवाल्याचा मुलगा आणि माझी भाची यांच्या गटात. पुठ्ठ्याचा पूल करायचा होता. अर्ध्या तासात ती अकरा वेळा उठली. दोनदा डिंक आणला, एकदा दुसऱ्या गटाचा पडणारा पूल धरला, बाकी आठ वेळा उगीच. सरांनी पूल धरल्याबद्दल तिला एक स्टार दिला, टिंग, आणि उगीच उठल्याबद्दल एकही काढला नाही.

मोठ्या बाई म्हणाल्या, "ही मुलगी बसत का नाही?"

सर तेव्हा सातव्या गटाकडून पहिल्या गटाकडे निघाले होते. चालता चालता म्हणाले, "मीपण बसत नाही, बाई."

समितीतला एक जण हसला. दुसऱ्याने काहीतरी लिहून घेतलं. तेवढ्यात औषधवाला फाटकात हजर, हातात फोन. त्याच्यामागे बेकरीवाला, दोघं एकमेकांशी न बोलता एकाच तक्रारीसाठी. नाकतोडीच्या गटाचा पूल मात्र पडला. म्हणजे सात गटांत तो एकटाच पडला, हे माझ्या भाचीने मोठ्या आनंदाने सांगितलं.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. सरांनी ते जिन्यात उघडलं आणि वर येईपर्यंत दोनदा वाचलं. कायमची जागा शेजारच्या तुकडीच्या बाईंना. आमच्या सरांना आणखी एक वर्ष. वहिनीने पत्र हातातून घेतलं, घडी घातली, आणि म्हणाली, "सातवं." मग आत जाऊन दोन कप चहा ठेवला. चपला मात्र तिने त्या दिवशी लपवल्या नाहीत. सर तासाभराने परत आले.

सोमवारपासून आया-बाप परत सुरू झाले. सर जिन्यात उभे राहून सगळं ऐकतात आणि म्हणतात, "नाही जमणार." पहिल्यांदा आवाज फाटला होता. आता बरा निघतो. परवा मीही विचारून बघितलं, म्हटलं, निदान आमच्या पोरीला पुढच्या महिन्यात दुसऱ्या गटात टाका, ती त्या नाकतोडीच्या नादाने टेबलावर चढायला लागलीय.

"नाही जमणार, ताई," म्हणाले, आणि निघाले.

दूध आणायला. दूध घरात होतं. आता माझ्याकडे दर शनिवारी दोन गणवेश येतात खालची शिवण उसवलेले, एक लॉन्ड्रीवालीचा आणि एक आमचाच. मी दोन्हींना दुहेरी टीप मारते. भिंतीपलीकडे फेऱ्या चालूच असतात, आणि पुढचं पत्र कधी येणार ते मी वहिनीला विचारत नाही.