पार्क पुढच्या वर्षी

आमच्या दाजींइतका सराईतपणे शब्द फिरवणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. दरवर्षी मे महिन्यात ते आम्हाला पार्क दाखवायला म्हणून बोलवायचे आणि दरवर्षी आम्ही पार्क न बघता घरी परतायचो. पार्क काही लांब नव्हता. खालापूर तालुक्यातल्या त्यांच्या घराच्या गच्चीवर उभं राहिलं की समोर त्याचा रोलर कोस्टर दिसायचा, आणि वारा तिकडून आला तर आत बसलेल्यांच्या किंकाळ्याही ऐकू यायच्या. दाजी कान देऊन ऐकायचे आणि म्हणायचे, "सकाळपासनं बोंबलतायत बघ. घरी कोन बोंबलू देत नाय, म्हनून येतात बिचारी."

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. घरची भातशेती आणि रसायनीच्या एका कारखान्यातली नोकरी, यात त्यांचं आयुष्य गेलं. निवृत्त झाले तरी कारखान्यातून मिळालेले लोखंडी टोकाचे बूट त्यांनी सोडले नाहीत. लग्नाला जायचं असो की नदीवर, पायांत तेच. मुलगा अमोल नाशिकला नोकरीला, तोही बापासारखाच मोजकं बोलणारा. ताई होती तोवर माझा आणि दाजींचा संबंध एका वाक्याचा होता. मी फोन केला की ते "थांब, हिला देतो" म्हणायचे आणि फोन ताईकडे जायचा. माणूस घुमा आहे असं मी ठरवून टाकलं होतं. माणसं ओळखण्यात माझा हातखंडा आहे असं माझं मत आहे. घरात दुसऱ्या कुणाचं ते नाही.

मग ताई गेली. तेराव्याचं आटोपून आम्ही डोंबिवलीला परत निघालो तेव्हा दाजी फाट्यापर्यंत सोडायला आले. तेव्हा माझा ओम पहिलीत होता आणि सई चौथीत. रिक्षा सुटता सुटता दाजी ओमला म्हणाले, "मेमध्ये ये हां. तुला पार्क दाखवतो." त्या दिवशी पार्कचं नाव निघालेलं ऐकून मी जरा दचकलोच. आठवड्याने मी फोन केला. दाजींनी उचलला आणि सवयीने म्हणाले, "थांब, हि..." पुढे बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज येत राहिला. मग म्हणाले, "मेमध्ये येताय ना?" मी हो म्हणालो.

मी एका कंपनीच्या प्लॅनिंग खात्यात आहे. तिथे माझ्यावाचून पान हलत नाही, असं मी घरी सांगत असतो. साहजिकच त्या पहिल्या सहलीचा आराखडा मी केला. कोणत्या पाळण्यात कधी बसायचं, कुठे जेवायचं, सगळं ठरलं. चौघांना एकसारख्या पिवळ्या टोप्या आणल्या. फोन भिजू नये म्हणून गळ्यात अडकवायचा प्लास्टिकचा पाउच आणला. रोलर कोस्टरमध्ये मी सगळ्यांत पुढच्या सीटवर बसणार आहे, हेही जाहीर केलं. वास्तविक मला सोसायटीच्या बागेतल्या झोपाळ्यावरसुद्धा गरगरतं. पण घोषणा करताना माझी प्रकृती नेहमी उत्तम असते.

सकाळी आम्ही टोप्या घालून ओटीवर रांगेत उभे राहिलो. दाजी बनियनवर कैऱ्या चिरत बसले होते. त्यांनी मान वर करून कानोसा घेतला. "आज नको. आज गर्दी असंल."

"कशावरून?"

"बोंबलन्याचा आवाज मोठा हाय."

दुसऱ्या दिवशी पुन्हा टोप्या. दाजींनी पुन्हा कानोसा घेतला. "आज आवाजच नाय रं. मशीन बिघडलं असंल. बिघडल्या मशिनीत पोरं बसवू नयेत." तिसऱ्या दिवशी आमची परतीची वेळ झाली. "पार्क पुढच्या वर्षी," दाजी म्हणाले. "तो काय पळून जातोय?" मी तोंड पाडून बसलो, कारण बापाने तसं बसायला हवं होतं. मनातून मात्र सुटलो होतो, टोपी सगळ्यांत आधी मीच काढली.

पण दाजींनी आम्हाला घरात बसवून ठेवलं असं कुणी समजू नये. पार्कच्या बदल्यात काय दाखवायचं हे त्यांचं आधीच ठरलेलं असे, आणि ते पार्कपेक्षा वरचढ कसं, हेही. पाण्याच्या घसरगुंड्यांऐवजी नदी. मे महिन्यात आजूबाजूचे ओढे कोरडे ठणठणीत असतात, पण खोपोलीच्या पावरहाऊसमधून सुटलेलं पाणी पाताळगंगेला येतं. गुडघाभर पाण्याची एक जागा त्यांनी हेरून ठेवली होती. ते स्वतः बुटांसकट मधोमध उभे राहायचे आणि पोरांना आपल्या पुढे जाऊ द्यायचे नाहीत. माझ्या पाउचमध्ये तेव्हा त्यांची तंबाखूची डबी असायची. "ह्या पान्यावर आधी वीज झालीय," ते मुलांना सांगायचे, "आतली वीज काढून घेतली म्हनून हलकं झालंय. ह्यानं सर्दी होत नाय." ओमने हे शाळेत विज्ञानाच्या तासाला सांगितलं. बाईंनी पालकांना बोलावलं तेव्हा मी गेलो आणि, का कोण जाणे, दाजींचीच बाजू लावून धरली.

एका वर्षी त्यांनी माथेरान काढलं. नेरळला पोचलो तर छोट्या गाडीच्या तिकीट खिडकीपाशी मारुतीच्या शेपटासारखी रांग. दाजींनी आम्हाला रुळांजवळच्या सावलीत बसवलं, वडापाव खाऊ घातले, गाडी सुटताना हात हलवायला लावले आणि म्हणाले, "झालं माथेरान." मी म्हटलं, "दाजी, आपण वर गेलोच नाही." त्यांनी डोंगराकडे बोट केलं. "वर गेल्यावर माथेरान दिसतंय का तुला? माथेरान खालनंच बघायचं असतं."

आणि कशेळ्याचा बाजार. कर्जतहून जीपने जायचं, आणि जीप भरली असं ड्रायव्हरला कधीच वाटत नाही. माझी जागा ड्रायव्हरशेजारी, गिअरच्या दांडीला दोन्ही गुडघ्यांत घेऊन. प्रत्येक गिअरला ड्रायव्हर मला म्हणायचा, "काका, पाय." वळणं सुरू झाली तसा मी डोळे मिटले, आणि बाजारात उतरल्या उतरल्या टपरीमागे जाऊन सकाळचं सगळं खाणं परत केलं. मुलं तोवर वाडीवरच्या बायकांकडून पानाच्या द्रोणात करवंदं घेऊन खात होती. दाजींनी मला पाणी दिलं, पाठ चोळली आणि सईला हळूच म्हणाले, "तुझा बाप फुडच्या सीटवर बसनार होता म्हनं." पुढच्या सीटचा विषय मी त्यानंतर काढला नाही.

दाजी पार्क का टाळतात, याबद्दल माझी बरीच अनुमानं होती. ते चिकट आहेत, हे पहिलं. पण नदीवरून आल्यावर हा माणूस आंब्यांच्या करंड्याच्या करंड्या आमच्यापुढे रिकाम्या करायचा, तेव्हा ते बाद झालं. मग वाटलं, त्यांनाही माझ्यासारखी उंचीची भीती असेल. तर ते नारळाच्या झाडावर बूट काढून सरसर चढताना दिसले. एका वर्षी परतीच्या एसटीत मी नीताला, म्हणजे माझ्या बायकोला, नवीन अनुमान ऐकवू लागलो तेव्हा ती म्हणाली, "तुला खरंच कळत नाही का रे? ताई नाहीत. बायकोचा भाऊ कशाला येईल आता त्यांच्याकडे? पार्क बघून झाला की आपलं इकडे काय काम उरलं, ही धास्ती आहे त्यांना." मागच्या सीटवरून सई म्हणाली, "बाबांना आत्ता कळतंय?"

मला खरोखरच आत्ता कळत होतं. मला फार वाईट वाटलं. ताईच्या माघारी त्या रिकाम्या घरात दाजी वर्षभर एका मे महिन्याची वाट बघत होते, आणि मी त्यांना चिकट ठरवत होतो.

त्यानंतर घरात अलिखित ठराव झाला, पार्कसाठी हट्ट सोडायचा नाही आणि पार्कला जायचंही नाही. हट्ट सोडला असता तर दाजींना शंका आली असती. म्हणून टोप्या घालून ओटीवर रांग लावायची, दाजींनी कानोसा घ्यायचा, आम्ही चेहरे पाडायचे. यात माझा अभिनय सर्वांत भडक होता. एकदा मी कपाळावर हात मारून घेतला, तेव्हा नीताने स्वयंपाकघरातून डोळे वटारले.

मग ओमच्या शाळेची सहल गेली, आणि ती नेमकी त्याच पार्कला. बस दाजींच्या फाट्यावरून गेली. ओम सगळ्या पाळण्यांत बसून, किंचाळून घरी आला आणि रात्री जेवताना म्हणाला, "आतोबांना सांगायचं नाही हां." आत्याचे यजमान म्हणून दोन्ही मुलं त्यांना आतोबा म्हणत. त्या मे महिन्यातही ओम टोपी घालून रांगेत उभा राहिला. टोपी आता डोक्यात बसत नव्हती, नुसती ठेवल्यासारखी दिसत होती.

संध्याकाळी गच्चीवर आम्ही आंबे खात बसलो होतो. दाजी हातातली कोय फिरवून पार्ककडे दाखवत म्हणाले, "ती गाडी आधी वर चढती, मंग धाडकन डावीकडं पडती."

"नाही आतोबा, आधी उजवीकडे," ओम म्हणाला. "इथून उलटं दिसतं."

मी घाईघाईने म्हणालो, "यूट्यूबवर बघतो तो. दिवसभर तेच. तिथले संडास कुठे आहेत हेसुद्धा पाठ आहे त्याला." खोटं बोलताना थांबावं कुठे हे मला कधीच जमलेलं नाही. दाजींनी ओमच्या ताटलीत आणखी एक आंबा ठेवला आणि ते उठून खाली गेले.

मी हात धुवायला मागच्या दारी गेलो तर ते पाण्याच्या पिंपाशी उभे होते.

"पोरगं जाऊन आलंय," ते म्हणाले.

"शाळेची सहल होती, दाजी."

"मंजे त्याचं बघून झालंय."

"हो."

"आनि तरी आला?"

"तरी आला. परीक्षा संपल्यापासून तुमच्याकडे कधी जायचं, कधी जायचं म्हणून मागे लागला होता."

दाजींनी पिंपात तांब्या बुडवला आणि पाणी पायांवर ओतलं. पुन्हा भरला, पुन्हा ओतलं. पायांत बूट होते. सकाळी बूट उन्हात वाळत पडले होते आणि दाजी अनवाणी ओटीवर बसून कानोसा घेत होते. "आज गर्दी असंल," ते म्हणाले. "आवाज मोठा आहे ना," ओम म्हणाला, आणि दोघं एकमेकांकडे बघून हसत सुटले.

त्यानंतर एका वर्षी आम्ही गेलो तर दाजीच अंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून तयार. "चला, आज पार्क." मी गर्दीचं विचारलं. आवाजाचं विचारलं. "गर्दी असू दे," ते म्हणाले. "ह्या वर्षी बघून घ्या. मी नाशकाला चाललोय अमोलकडं. आता एकट्यानं होत नाय. घर बंद राहील."

सई तेव्हा कॉलेजात होती. ती पायरीवर बसली, चपला काढल्या आणि म्हणाली, "आतोबा, फार ऊन आहे. पार्क पुढच्या वर्षी."

"आगं, पुढच्या वर्षी मी हितं नाय."

"मग नाशिकला येऊ. तिथे काय आहे बघायला?"

दाजी गडबडले. नाशिक त्यांनी मुलाच्या घराबाहेर फारसं पाहिलंच नव्हतं. बुटाच्या टोकाने ते बराच वेळ पायरी खरवडत राहिले. "हाय की," ते म्हणाले. "बोट हाय. धरनावर. मोठी बोट."

"दाखवाल?"

"दाखवीन की. पन गर्दी असती तिथं. एका खेपंत व्हायचं नाय."

झालंही नाही. पहिल्या वर्षी म्हणे धरणावर वारा होता. दुसऱ्या वर्षी दाजींना धाप लागत होती, तरी आम्ही निघताना पडल्या पडल्या म्हणाले, "बोट पुढच्या वर्षी." दिवाळीनंतर ते गेले.

यंदा मे महिना आला आणि घरात कुणी सुट्टीचा विषय काढेना. शेवटी मीच अमोलला फोन केला. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. प्लॅनिंग खात्यातला माणूस मी, तब्येत विचारली, हवा विचारली आणि पुन्हा तब्येत विचारली. तेव्हा अमोल म्हणाला, "मामा, येताय ना? तुमची बोट बघायची राहिलीय."

मी हो म्हणालो आणि कपाटात पाउच शोधू लागलो. त्याला अजून तंबाखूचा वास येतो.