पिक्चर काही खास नव्हता

हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. आधी वाटायचं, घरातली गोष्ट आहे, घरातच राहू द्यावी. मग घरात कुणी उरलंच नाही, तेव्हा वाटलं, आता लिहून तरी काय होणार. पण परवा टॉकीजसमोरच्या चहावाल्याने एका गिऱ्हाइकाला माझी ओळख करून दिली, "काका से मत पूछो भाई, इनको आज तक एक भी पिक्चर पसंद नहीं आई." ते दोघं हसले, मीही हसलो. घरी आलो तर जेवण गेलं नाही.

कारण ते खरं नाही. मला पिक्चर आवडतात. जवळजवळ सगळेच आवडतात.

परवाचाच घ्या. एक निवृत्त कंडक्टर आपल्या जुन्या रूटच्या एस.टी.त प्रवासी म्हणून बसतो, एवढीच गोष्ट. वर्षानुवर्षं बाजाराच्या दिवशी एका फाट्यावर चढणारी बाई त्याला बघायची असते. इंटरव्हलनंतर गाणी फार झाली, आणि कंडक्टरच्या मुलाचं लग्न कशाला घातलं ते कळलं नाही. पण तो फाट्यावर उतरतो, थोडा वेळ उभा राहतो आणि तीच गाडी निघायच्या आत परत चढतो, तिथे त्या नटाची नुसती पाठ दिसते. पाठीने एवढं काम केलेलं मी पाहिलं नव्हतं. त्याआधीचा हिंदी होता, मारामारीचा. हिरो एका हाताने जीप उलटवतो. माझ्या वयाच्या माणसाने नाक मुरडावं असा. पण त्यातला खलनायक मारामारी चालू असताना जांभळं खात बसतो आणि बी थुंकताना हिरोकडे असा बघतो, की मला बसल्या जागी भीती वाटली. दोन्ही चांगले होते. दोन्ही बघून मी तोंड वाकडं करून बाहेर आलो. ही सवय मला घरी खोटं बोलून बोलून लागली.

माझ्या बायकोचं माहेर बोदलकसा तलावाच्या बाजूचं, धानाच्या बांध्यांचं. त्या भागात दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि रात्रभर नाटक होतं. तिथे बघणारे गप्प बसत नाहीत. खलनायक आला की बाया त्याला शिव्या देतात, सासू सुनेला छळायला लागली की पुढच्या रांगेतून तिची खरडपट्टी निघते, आणि नटही उत्तर देतात. ती मुलगी असताना एका जमीनदाराला तिने खालून सुनावलं होतं, तर तो मिशीवर हात फिरवत म्हणाला, "बाई, लेखकाले सांग. माह्या हातात काय आहे?" सगळा मांडव हसला. हा किस्सा ती लग्नानंतर कितीतरी वर्षं सांगत होती आणि प्रत्येक वेळी पहिल्यांदा सांगावा तशी हसत होती.

मी कचेरीत कारकून. खेड्यातूनच आलेलो, पण गोंदियात राहून बाजारात हिंदी आणि कचेरीत पुस्तकी मराठी बोलायला शिकलो. घरातली बोली मी उंबऱ्याच्या आत ठेवायचो. ती तशी ठेवत नसे. तिची बोली तिच्याबरोबर सगळीकडे जायची.

मी निवृत्त झालो तेव्हा गावात नवी टॉकीज झाली होती, गादीच्या खुर्च्यांची, थंडगार. मी हौसेने तिला घेऊन गेलो. ती नवं लुगडं नेसली होती. पिक्चरमध्ये एक मुलगा म्हाताऱ्या बापाला घराबाहेर काढत होता. हॉलमध्ये अगदी शांतता होती. आणि ती खुर्चीतून अर्धी उठून मोठ्याने बोलली, "अरे बईमान, थांब ना. बापाले असा बोलून राहिला, तुले लाज नाही वाटत?"

मागून कुणीतरी म्हणालं, "अम्मा, वो सुन नहीं सकता."

"आयकते रे बाबू," ती वळून म्हणाली, "आमच्या गावात आयकतात."

हॉल हसला. वाईट हसला नाही, हे आज मला कळतं. त्यात थट्टा होती, पण मायाही होती. ती स्वतःही हसली. पण दोन रांगा पुढे माझ्या कचेरीतले साहेब बसले होते. त्यांनी मान वळवून कोण आहे ते पाहिलं आणि मी पायातली चप्पल शोधत असल्यासारखा खाली वाकलो. पिक्चर संपेपर्यंत मी नीट सरळ बसलो नाही. घरी येताना ती बापाचं पुढे काय झालं यावरच बोलत होती आणि मी हूं हूं करत होतो.

त्यानंतर मी तिला नेलं नाही. नेणार नाही असं बोललो नाही, नेलं नाही, एवढंच. एकटा जायचो. परत आलो की ती पाण्याचा गडवा पुढे करून विचारायची, "कसा होता जी पिक्चर?" मी म्हणायचो, "काही खास नव्हता." चांगला होता म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता. ती म्हणायची, "बरं झालं मी नाही आली, गुडघे दुखून राहिले माहे." चांगल्या चांगल्या पिक्चरांना मी असं मारलं. एका कोळिणीची गोष्ट होती, संपल्यावरही मी खुर्चीत बसून राहिलो होतो. घरी सांगितलं, नुसतं पाणीच पाणी दाखवतात. हळूहळू बाहेरही तेच बोलायला लागलो, कारण बाहेर बोललेलं घरी पोचायला आमच्या गल्लीत वेळ लागत नाही.

मग एक मराठी पिक्चर आला. खेडोपाडी फिरणाऱ्या नाटकमंडळीवरचा. दवाखान्यातून येताना तिने चौकात पोस्टर पाहिलं. रिक्षा थांबवून पाहिलं. पोस्टरवर रंग लावलेला एक म्हातारा नट होता, त्याच्या मागे कापडी पडदा आणि त्या पडद्यावर रंगवलेला राजवाडा. ती आयुष्यात मागणारी बाई नव्हती. त्या दिवशी म्हणाली, "हा दाखवा जी मले. हा एक." मी म्हणालो, आधी मी बघून येतो, बरा असला तर जाऊ.

मी गेलो. मराठी पिक्चरला गोंदियात दुपारचा एक खेळ मिळतो, तोही शुक्रवारपर्यंत. हॉलमध्ये मोजकी माणसं होती. ती हवं तेवढं बोलली असती तरी कुणाचं काही अडलं नसतं, एवढी मोकळी जागा होती. आणि पिक्चर असा होता, की मी माझ्या आयुष्यात पाहिलेला सगळ्यात चांगला म्हणेन. म्हातारा नट शेवटचा प्रवेश करत असतो, त्याला वाक्य आठवत नाही, आणि समोर बसलेली बाई त्याला ते खालून सांगते. गावातल्या सगळ्यांना पाठ असतं. मग पूर्ण मांडव त्याच्याबरोबर बोलतो. मी रुमाल तोंडाला लावून रडलो. आणि रडता रडताच माझ्या डोक्यात आलं, की हिला इथे आणलं तर ही पहिल्यापासून शेवटपर्यंत बोलेल.

घरी आलो. ती पेटीतून नवं लुगडं काढून बसली होती, दुसऱ्या दिवशीसाठी. मी म्हणालो, "काही खास नाही. नावाला नाटक आहे. शहरातल्या लोकांनी केलेलं, तुला आवडणार नाही." ती लुगड्याची घडी हाताने सरळ करत बसली. मग उठून ते पेटीत ठेवून आली.

शुक्रवारी पिक्चर गेला. पुढच्या आठवड्यात शेजारची सून तिच्याकडे बसायला आली आणि तिने आपल्या आईबरोबर तो पाहिल्याचं सांगितलं. मी आतल्या खोलीत होतो. तिने सगळी गोष्ट सांगितली, खालून वाक्य सांगणाऱ्या बाईपर्यंत, आणि सांगताना रडली. माझ्या बायकोने मधे एकही शब्द काढला नाही. एवढं गप्प बसून गोष्ट ऐकताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

मला काही विचारलं नाही. पण त्यानंतर मी पिक्चर बघून आलो तरी गडवा पुढे करून ती आत निघून जायची. कसा होता, हे विचारणं बंद झालं.

पुढच्या थंडीत तिला दवाखान्यात ठेवावं लागलं. मूत्रपिंडं गेली होती. एका दुपारी पायाला सूज होती म्हणून मी तिचे तळवे चोळत होतो. ती छताकडे बघत म्हणाली, "एक बोलू का जी? तुमी मले लाजता, तं तसं सांगाचं होतं. मी चूप बसली असती. तोंडाले पदर लावून बसली असती."

मी म्हणालो, "तसं काही नाही, काहीतरीच काय." आणि पाण्याची बाटली भरलेली असताना ती भरायला बाहेर गेलो.

नळापाशी उभा राहून काय बोलायचं ते मी जुळवलं. पहिल्यांदा जुळलं ते कचेरीच्या मराठीत, अर्जासारखं. मग आमच्या बोलीत जुळवायला लागलो, तर शब्द सापडेनात. सापडले तेव्हा आत गेलो. तिला झोप लागली होती. संध्याकाळी तिची बहीण आली. दुसऱ्या दिवशी डॉक्टर, मशीन, नातेवाईक. मधे एकदा आम्ही दोघंच होतो. मी तोंड उघडलं आणि विचारलं, "चहा घेतेस का थोडा?" तिने नको म्हणून मान हलवली. त्यानंतर ती शुद्धीवर आली नाही.

ते वाक्य तसंच राहिलं आहे. जसं जुळवलं होतं तसं लिहितो. तुह्यात लाजण्यासारखं काहीच नव्हतं. मी लोकायले भेलो. पिक्चर लय चांगला होता. तू चूप बसाची गरजच नव्हती. माह्यं चुकलं.