फरशीला लावलेला कान

ब्याऐंशीव्या वर्षी माझे वडील सबवूफर घ्यायला निघाले, तेव्हा मी त्यांना पाटीवर लिहून दिलं, ‘वेड लागलंय तुम्हाला.’ त्यांनी कपाळावरचा चष्मा खाली घेऊन वाचलं, ओल्या फडक्याने पाटी पुसली आणि माझ्या हातात परत दिली.

“रिक्षा बोलाव,” म्हणाले.

पाटी आमच्याकडे तीन वर्षांपासून होती. मी शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली बाई, त्यामुळे खडू माझ्या हाताला नवा नव्हता. श्रवणयंत्र आणून झालं होतं, पण त्यातून भांडी किंचाळतात आणि माणसं पाण्याखालून बोलतात अशी बाबांची तक्रार होती, म्हणून ते डबीतच पडून असायचं. कानाच्या डॉक्टरीणबाईंनी एक आलेख काढून दाखवला होता. वरचे स्वर सगळे गेलेत, खालचे थोडे उरलेत आणि तेही फार टिकायचे नाहीत, असं त्यांनी सांगितलं. मी ते तिथल्या तिथे पाटीवर उतरवत होते. ‘तेही टिकायचे नाहीत’ लिहिताना खडू मोडला. देवच पावला म्हणून मी ते वाक्य तिथेच सोडणार होते, पण बाबांनी खिशातून दुसरा खडू काढून पुढे केला.

बाबांनी जन्मभर सरकारी कचेरीत कारकुनी केली आणि संध्याकाळी तबला वाजवला. फार मोठं नाव वगैरे काही नाही. घडियाळी पोळ या जुन्या वस्तीच्या आसपासची भजनं, गणपतीतले कार्यक्रम, हौशी गवयांची साथ, एवढंच. पण त्यांचा डावा हात ऐकायला लोक पुढे येऊन बसायचे. तबल्याच्या जोडीतला डावा म्हणजे डग्गा. खालच्या सुरात घुमतो तो. त्यावर मनगट घासून बाबा असा काही आवाज काढायचे की लहानपणी मी त्यांच्या गुडघ्याला चिकटून बसायची. त्यांच्या वाजवण्याची एकच कॅसेट घरात उरली होती, कुठल्यातरी गणेशोत्सवातली, वीसेक मिनिटांची. ती मी पेन ड्राइव्हवर उतरवून घेतली होती.

“खालचे सूर उरलेत म्हणतात ना,” बाबा रिक्षात म्हणाले, “मग डग्गा उरला असेल. मला तो एकदा ऐकायचाय. कान पुरते बंद व्हायच्या आत.” ते मोठ्याने बोलायचे, बहिरी माणसं बोलतात तसं. रिक्षावाल्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि मी बाहेर बघत राहिले.

अलकापुरी भागातल्या एका स्पीकरच्या दुकानातला विक्रेता चाळिशीचा, गोड बोलणारा गुजराती होता. आधी त्याने एका सिनेमातले बॉम्ब फोडून दाखवले. माझा सोफा हलला आणि बाबा शांतपणे पंख्याकडे बघत होते. मग मी पेन ड्राइव्ह दिला. बाबा उठले आणि खालचे सूर घुमवणाऱ्या त्या सबवूफरच्या एकेका पेटीवर तळहात ठेवत गेले, ताप बघावा तसे. पहिली पेटी मोठी होती, तिच्या मागच्या बाजूला हवा जायला भोक होतं. तिच्यावरून त्यांनी लगेच हात काढला. “हा बोलतच राहतो. डग्गा दाबला की गप्प झाला पाहिजे.” दुसरी लहान, सगळीकडून बंद आणि स्पीकरचं तोंड खाली जमिनीकडे. तिच्यावर हात ठेवून ते बराच वेळ उभे राहिले. ओठ हलायला लागले. धा धिं धिं धा. वाजवताना किंवा ऐकताना त्यांचे ओठ कायम असे हलायचे.

“काकाने समज छे, बेन,” विक्रेता म्हणाला. काकांना जाण आहे असं त्याला खरंच वाटलं होतं, म्हणून मला राग नाही आला.

घरी पेटी कुठे ठेवायची त्याचीही त्याने रीत सांगितली. “सबवूफर खुरशी पर मूको, ने तमे भींते भींते घूंटणिये फरो. ज्यां बास सारो लागे, त्यां एने मूकी देजो.” म्हणजे बसायच्या खुर्चीत पेटी ठेवायची आणि आपण भिंतीच्या कडेने रांगायचं. जिथे आवाज भरून येईल तिथे पेटी जाते आणि खुर्चीत आपण बसायचं. मला वाटलं थट्टा करतोय, पण तो गंभीर होता.

बाल्कनीला लागून असलेली मागची खोली आम्ही ऐकायची खोली केली. माझे कान शाबूत, तेव्हा मीच रांगले. एकोणसाठ वर्षांचे गुडघे घेऊन. खिडकीखालच्या कोपऱ्यात आवाज मस्त भरला, पेटी तिथे ठेवली, बाबांना खुर्चीत बसवलं.

“चालू आहे का?” बाबांनी विचारलं.

मी आवाज वाढवला. खालच्या मजल्यावरच्या मासी वर आल्या, “बेन, मारां वासण धूजे छे.” खाली त्यांची भांडी थरथरत होती आणि बाबा खुर्चीत तसेच, परीक्षेला बसलेल्या मुलासारखे. “चालू आहे का गं?”

मला रडू यायच्या ऐवजी राग येतो, हा माझा जुना दोष. पाटीवर मी एवढं मोठं ‘हो’ लिहिलं की दुसऱ्या अक्षराला जागा राहिली नाही. तेव्हा बाबा म्हणाले, “कान तुझे चालायचे नाहीत. मी रांगतो.”

धोतर सावरत ते खाली बसले आणि हातांवर, गुडघ्यांवर निघाले. मी मागून चालत होते, पडले तर धरायला. कपाटाजवळ आल्यावर थांबले. तळहात फरशीवर पसरले. मग हळूहळू कोपर टेकलं, खांदा टेकला आणि डावा गाल फरशीला लावून आडवे झाले. त्यांचे डोळे मिटले. “इथे,” म्हणाले. “माझाच हात आहे हा.”

मी पेटी कपाटाजवळ आणली, त्यांना खुर्चीत बसवलं. पुन्हा काही नाही. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कान संपलाच होता. त्यांना जे मिळालं ते फरशीतून, हाडांतून मिळालं होतं. खुर्चीचा उपयोग नव्हता, चटईचा नव्हता, उशीचा तर नाहीच. मी खुर्ची बाहेर काढली.

त्यानंतर रोज दुपारी जेवण झालं की बाबा फरशीवर. मासींना मी सगळं सांगितलं, त्यांनी आपली भांडी खाली उतरवून ठेवली आणि त्या पुन्हा कधी तक्रार घेऊन वर आल्या नाहीत. वीस मिनिटं संपली की बाबा हाक मारायचे, मी हातातलं काम टाकून पुन्हा लावायची. आठवड्याभरात मी कंटाळले आणि ते आपोआप पुन्हा पुन्हा वाजेल असं करून टाकलं. चहा झाला की खोलीत जाऊन फरशीवर दोनदा टाच आपटायची, तीच आमची घंटा. ते डोळे उघडायचे, मी हात द्यायची. घरी कोणी आलं आणि दचकलं तर मी म्हणायची, “घाबरू नका, आमची विश्वामित्री नदीतली मगर आहे. ऊन खातेय.” पाहुणे हसायचे. बाबांनाही मी ते पाटीवर लिहून दाखवलं होतं, तेही हसले होते.

हे चार महिने चाललं. चांगलं चाललं असं म्हणवत नाही, कारण शेवटी शेवटी ते म्हणायला लागले होते, “आज लांबून येतोय.” मी आवाज आणखी वाढवायची. फरशीतून येणारंही विरत चाललं होतं आणि त्याच्यापुढे कुठलीच पेटी मिळत नाही.

त्या दिवशी दोनला जेवलो. बाबा वरणभात जेवले, मीठ कमी आहे म्हणाले आणि आत गेले. मी ओटा आवरला, वर्तमानपत्र वाचलं. मग बाल्कनीतले कपडे काढायला त्यांच्या बाजूने गेले आणि आले. थोड्या वेळाने परत गेले, एक टॉवेल राहिला होता. येताना हातातला चिमटा त्यांच्या तोंडाशी पडला. तो उचलायला मी वाकले. बाबांचे डोळे उघडे होते, ओठ हलत होते. मी म्हटलं, “काय हो मगरबाई, आज जाग्या वाटतं?” आणि चिमटा घेऊन निघून आले.

साडेपाचला चहा घेऊन गेले. टाच आपटली. पुन्हा आपटली. तिसऱ्यांदा चिडून आपटली. डग्गा घुमत होता आणि बाबांच्या गालाखाली फरशी ओली होती.

इस्पितळात तरुण डॉक्टरने सगळ्यात आधी विचारलं, “केटला वाग्याथी आम छे?” किती वाजल्यापासून असे आहेत.

मी म्हटलं, “रोज आमज होय छे.” रोज असेच असतात.

त्याला वाटलं मला प्रश्न कळला नाही. त्याने हिंदीत विचारलं, मग हळू हळू समजावलं. अर्धांगाचा झटका होता. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन काही तासांच्या आतच देता येतं, त्यामुळे झटका केव्हा आला ते नक्की कळायला हवं. नसेल कळत तर माणूस शेवटचा धड कधी पाहिला ती वेळ धरायची. मी विचार केला. चिमटा उचलताना त्यांचे डोळे उघडे होते, पण तेव्हा ते धड होते असं मला सांगता येईना. एरवी रेकॉर्ड संपली असती, खोली शांत झाली असती, त्यांनी हाक का नाही मारली म्हणून मी गेले असते. ती पुन्हा पुन्हा वाजायची सोय मीच केली होती. “दोन,” मी म्हटलं. घड्याळात सात वाजत आले होते. डॉक्टरने मान हलवली आणि इंजेक्शनचं बोलणं तिथे संपलं.

बाबा स्ट्रेचरवर अर्धवट जागे होते. त्यांना विचारावं हे कुणालाच सुचलं नाही, मलाही नाही. पाटी घरी राहिली होती, पण पर्समध्ये पेन होतं, कागद होता. बहिऱ्या माणसाला काही विचारायची सवयच मोडलेली असते.

डावी बाजू गेली. बोलणं जड झालं, पण राहिलं. आता ते मागच्या खोलीतच असतात, अंगाला जखमा होऊ नयेत म्हणून हवेच्या गादीवर. त्या गादीतून काही पोचत नाही. पहिल्या दिवसांत मी पेटी पलंगाला टेकवून पाहिली, मग त्यांचा उजवा हात तिच्यावर ठेवून पाहिला. “चालू आहे का?” त्यांनी विचारलं, दोन्ही वेळा. तेव्हापासून पेटी कपाटाजवळ आहे. वायर मी गुंडाळून ठेवली.

महिन्याभराने मी धीर करून पाटीवर लिहिलं, ‘त्या दिवशी काय झालं?’

“आधी डावा हात गेला,” ते म्हणाले. एकेक शब्द ओढत. “मग हाका मारल्या तुला. आवाज फुटला की नाही, मला काय कळणार.”

मी मान खाली घातली. माझे कान शाबूत आहेत आणि त्या खोलीत मला फक्त डग्गा ऐकू येत होता. ओठ हलताना पाहिले होते. बोल म्हणतायत, असं समजून चालले होते.

“तू दोनदा आलीस. दुसऱ्यांदा वाकलीस, काहीतरी बोललीस. मला वाटलं, कुणाला तरी बोलवायला निघालीस. म्हणून मग मी हाका मारायचं थांबवलं.” त्यांनी उजव्या हाताने पाटी माझ्याकडे सरकवली. “काय म्हणाली होतीस?”

मी खडू घेतला आणि लिहिलं, ‘हेच. बोलवायला जाते म्हणाले.’

त्यांनी वाचलं आणि मान हलवली.

“मग उशीर झाला तुला,” ते म्हणाले.